अक्कानं सोडलेलं वांगं

वांगं भाजायला ठेवलं की मी ओट्यापासून हलत नाही. बारीक आच, त्यावर जाळी, जाळीवर तेलाचा हात फिरवलेलं वांगं. सुरीनं चार ठिकाणी टोचून त्यात लसणाच्या पाकळ्या खोचलेल्या असतात. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून मधूनमधून ते देठाला धरून उभं करावं लागतं. शेजारच्या शेगडीवर टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या. थंडीत आमच्या साताऱ्याच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा तरी असं काही भाजलेलं असतंच. कधी रताळी, कधी लाल भोपळ्याची मोठी फोड भाजून तिचं दह्यातलं भरीत, कधी नुसते अख्खे कांदे, वरून काळे आणि आतून गोड झालेले. बायकोची शाळा सकाळची, त्यामुळं गेली काही वर्षं स्वयंपाक माझ्याकडं आहे. येणारे-जाणारे कौतुक करतात. मी गप्प बसतो. गप्प बसणं मला स्वयंपाकाच्या आधीपासून येतं.

भाजणं शिकवलं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर. आई ऊस भांगलायला गेली की चूल अक्काच्या ताब्यात असायची. ती वांगी निखाऱ्यावर टाकत नसे. निखारे बाजूला सारून गरम राखेत पुरायची. जाळायचं नाही, भाजायचं, हे तिचं ठरलेलं वाक्य. सोलताना वांग्यावर पाणी मारलेलं तिला खपत नसे. बोटं पोळली तरी चालतील, वास धुऊन जाता कामा नये. मग भरडलेले शेंगदाणे, भाजलेली मिरची, कांद्याची पात, मीठ आणि वरून कच्च्या तेलाची धार. आम्हा दोघांना यापेक्षा आवडणारी दुसरी गोष्ट त्या घरात नव्हती. शेवटच्या घासावरून आम्ही मारामाऱ्या केल्या आहेत.

पुढं अक्का लग्न होऊन मेढ्याजवळच्या एका गावात गेली आणि मी नोकरीनिमित्त साताऱ्यात आलो.

चौदा वर्षांपूर्वीच्या श्रावणात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कराडच्या दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो.  अक्का म्हणाली, आई स्वतःच्या पायानं देवापुढं उभी राहीपर्यंत आपण दोघांनी वांगं तोंडात घालायचं नाही. सोडायचं तर जिवावर येईल असंच सोडावं, नाहीतर देवाला काय कळणार. मी हो म्हणालो. तिनं माझा हात धरून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

दवाखान्यातनं सुटल्यावर आईला कुठं न्यायचं, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मी हे दोनदा बोललो आणि अक्कानं आईला मेढ्याकडं नेलं. मुलगा मी होतो, हे तिथं कोणीच बोललं नाही. मी दर रविवारी दुपारच्या एस्टीनं जाऊन भेटून यायचो.

पहिले तीन-चार महिने माझा नेम फुकटात पाळला गेला. आमच्या घरी चातुर्मासात वांगं येतच नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वर्षातलं पहिलं वांगं खायचं, ही जुनी रीत. त्यामुळं माझी खरी परीक्षा चंपाषष्ठीनंतर सुरू झाली. बाजारात काटेरी देठाची, कोवळी वांगी टोपल्या भरभरून आली होती.

त्यानंतरच्याच रविवारी बायकोनं स्वतःपुरतं एक वांगं भाजायला ठेवलं. नेम तिचा नव्हता. मी तिला म्हणालो, दोन ठेव.

"तुमचा नेम आहे ना?" ती म्हणाली.

"अक्काला कोण सांगायला जातंय?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे. इतकी वर्षं मनातल्या मनात मी ते मवाळ करून पाहिलं. वास आला, राहवलं नाही, एक घास गेला, असं. एक घास नव्हता तो. पुढच्या रविवारीही खाल्लं, आणि त्याच्या पुढच्याही. तो सबंध हिवाळा मी दर रविवारी सकाळी पोटभर भरीत-भाकरी खाऊन दुपारच्या एस्टीनं आईला भेटायला गेलो.

माघ संपता संपता आई गेली.

दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवून गेल्यावर, अक्का मला नदीच्या पायऱ्यांवर बाजूला घेऊन गेली. रडून रडून आवाज बसला होता. तिनं सांगितलं की पौषात भावकीतल्या एका जेवणात मसालेभात होता. त्यात वांग्याची एक फोड होती. बटाटा समजून तिनं ती गिळली आणि गिळल्यावर कळलं. परसात जाऊन घशात बोटं घातली, पण उलटी झाली नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी आई गेली.

"माझ्याकडनं मोडलं रं," ती म्हणाली. "तू पाळलंस, आन् मी मोडलं."

तेव्हा सांगता आलं असतं. नदीवर आम्ही दोघंच होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, असू दे अक्का, देव एवढं बारीक बघत नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या माणसासारखा म्हणालो. तिनं माझ्या पायाला हात लावला. थोरल्या बहिणीनं.

तिनं त्या दिवसापासून वांगं कायमचं सोडलं. तेवढ्यावर ती थांबली असती तर मी कदाचित विसरलोही असतो. पण दर चंपाषष्ठीला ती मला बोलवायला लागली. गावाकडची वांगी मी घेऊन जायचो, ती पहाटे आंघोळ करून राखेत पुरायची. देवघरातल्या खंडोबाच्या टाकांपुढं नैवेद्य झाला, तळी उचलली की पहिलं ताट माझं. दाजींच्या आधी, आल्या पाहुण्याच्या आधी. ज्यानं पाळलं त्यानं आधी खायचं, असं ती सगळ्यांना सांगायची. समोर बसून मला जेवताना बघायची आणि विचारायची, मीठ बरोबर हाय का? तिला चव बघता येत नव्हती, नुसता वास आणि हाताचा अंदाज. मी दरवर्षी बरोबर आहे म्हणायचो. दोन-तीनदा खारट झालं होतं.

दाजी चेष्टा करायचे. "आमच्या मेव्हण्याला देवाच्या शेजारी बसवा, एक टाक कमी हाय." सगळे हसायचे. मीही हसायचो.

असं तेरा वर्षं चाललं. गेल्या चंपाषष्ठीला अक्काच्या घरात नवी सून होती. पंगत वाढताना तिनं अक्काच्या ताटातही भरीत वाढलं. अक्कानं ताट मागं ओढलं. पोरगी गोंधळली, तिनं विचारलं, तुम्हाला चालत नाही का? आणि अक्कानं तिला सगळं सांगितलं. आईचं आजारपण, नेम, मसालेभातातली फोड. शांतपणे, आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "माझी आई माझ्यामुळं गेली बाई. ह्याच्यामुळं टिकली असती."

सून माझ्याकडं बघत राहिली. आदरानं. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

जेवणं झाल्यावर अक्का मागच्या पडवीत चुलीपाशी बसली. शेजाऱ्यांकडं द्यायच्या भरतासाठी आणखी चार वांगी राखेत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सोलायला लागलो. दोघांचीही बोटं काळी झाली होती. मी मान खाली घालून म्हणालो, "अक्का, नेम मी पण मोडला होता."

तिचे हात चालूच राहिले. "कवा?"

"त्याच हिवाळ्यात."

"असंच, जेवणात आलं हुतं?"

त्या प्रश्नात तिनं माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिनं मला माफ केलं असतं, आणि आम्ही दोघं सारखेच झालो असतो. मी एवढंच म्हणालो की नाही, घरी भाजून खाल्लं.

"किती येळा?"

"एकदा," मी म्हणालो. आणि मग, ती पुढचं वांगं राखेतनं काढेपर्यंत थांबून, "दर रविवारी. आई जाईपर्यंत."

तिनं वांगं परातीत ठेवलं. ते फुटून वाफ निघाली. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नव्हे. आपण रस्ता चुकलो की काय, असं बघतात तसं.

"म्हंजे दहाव्याला," ती म्हणाली, "तू मला माफ केलंस व्हय रं?"

 तिनं पदराला हात पुसले, काळे डाग पडले त्याकडं पाहिलं नाही. मी म्हणालो की आता तरी तू खा, तुझा काही दोष नव्हता. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी ह्याचीच वाट बघत होतो. तिनं माझ्यादेखत एक घास खावा आणि माझ्या डोक्यावरचं उतरावं.

तिलाही ते कळलं. "तुझ्यासाठी खाऊ व्हय?" एवढंच म्हणाली. मग सुनेला हाक मारून उरलेलं भरीत कालवायला सांगितलं आणि आत गेली. मी निघालो तेव्हा दाजी फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. वाटेत ते ऊसतोडीबद्दल बोलत होते.

तीन आठवडे मी फोन केला नाही. मग एका दुपारी तिचाच आला. खुशाली नाही, काही नाही.

"तुझ्या बायकोला ठाऊक हुतं?"

"हो."

"आन् आईला?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. ते कुणालाही कधीच कळलं नसतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मला पुन्हा ते मिटायचं नव्हतं, म्हणून मी सांगितलं. एका रविवारी मी आईला पेज भरवत होतो. वांग्याचा धुरकट वास साबणानंही बोटांवरून जात नाही. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडं बघितलं आणि तिचं तोंड हललं.

"हसली?"

"तोंड वाकडं झालं होतं, अक्का. मला हसल्यासारखं वाटलं."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी नळ सोडला होता. तो बंद झाल्यावर ती बोलली.

"मी तिचं हागणं-मुतणं काढत हुते, आन् हसत हुती ती तुझ्यासंगं. मला एकटीलाच ठाऊक न्हवतं."

असं नाही अक्का, असं काहीतरी मी म्हणायला गेलो. तिनं फोन ठेवला होता.

ती माझ्या बायकोशीही आता बोलत नाही. तिची सून मधूनच मेसेज टाकते. त्यातनं कळतं की गुडघ्यांचं औषध चालू आहे, घरात सगळं ठीक आहे, सासूबाई वांगं अजूनही खात नाहीत. इतकी वर्षं ती का खात नव्हती ते मला माहीत होतं, आणि तिला मोकळं करणं माझ्या हातात होतं. आता ती का खात नाही, हे मी विचारू शकत नाही. ह्या चंपाषष्ठीला तिनं बोलावलेलं नाही. मी वांगी मात्र गावाकडनं मागवली आणि मेढ्याच्या एस्टीत ओळखीच्या कंडक्टरकडं पिशवी दिली. पिशवी पोचली, असं सुनेनं कळवलं. पुढं काही लिहिलं नाही.