सभेला न आलेल्या आया

पालकसभेला पालक का येत नाहीत, हे तरुणपणी मी सभेला आलेल्या पालकांनाच विचारलं. एवढं माझं बी.एड.! सगळे एका सुरात म्हणाले, "त्यांना पोरांची पर्वाच नाही." मग मी ठरवलं, न येणाऱ्यांची मुलं शिष्यवृत्तीच्या वर्गातून काढायची.

आमच्या स्टाफरूममधल्या भूगोलवालीच्या तोंडी कायम एकच प्रश्न. पापलेट ताजं आहे म्हटलं, तर आजही चष्म्यावरून बघत विचारते, "कोणाला विचारलंस? कोळणीलाच ना?"

माझा निकाल ऐकून तिनं मला हाताला धरून घोडपदेवला नेलं आणि अशाच एका न येणाऱ्या आईच्या दारात उभं केलं.

"सभेला का येत नाही?" मी गुरकावले.

"बाई, तुमची सभा शनिवारी दुपारी. तेव्हा मी तुमच्या मुख्याध्यापकांच्या घरी पोळ्या लाटते."