शहाण्णव मिनिटांची काकू

दीड तास म्हटलं की काकू म्हणायची, "नव्वद म्हण." तासात सांगितलेला हिशोब तिला चालत नसे. भात वीस मिनिटांचा, आणि रेणापूरहून लातूरला जाऊन यायचं म्हणजे बाजारासकट दोनशे चाळीस. गाव तिला चेष्टेनं मिनिटकाकू म्हणायचं. ती खुशाल ओ द्यायची.

ती आमची शेजारीण. मी नववीत शाळा सोडली आणि तिच्या भुईमुगात खुरपायला जाऊ लागले. गणिताचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. काकू खुरपता खुरपता विचारायची, "पावणेदोन तासाची मिनिटं किती गं?" मी खुरपं जोरात चालवायचे. "आधी तास फोड, मग वाट. लई सोपं हाय."

तिचं सगळं अडलं होतं ते पाण्यावर. विहीर सामाईक, हिस्सेदार पाच: चार दीर आणि विधवा काकू. मोटार एकच, लाईट आठ तास. थोरल्या दिरांनी मोबाईलवर आठ भागिले पाच केलं, १.६ आलं. त्यांनी ठरवून टाकलं, प्रत्येकाला एक तास सहा मिनिटं. उरलेलं पाणी मोटार सांभाळणाऱ्याचं, म्हणजे त्यांचंच. दोन वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. काकूचे शेवटचे चार वाफे मात्र करपायचे.

एका सकाळी तिनं विहिरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, पाच जणांची पाळी झाल्यावर दीडशे मिनिटं लाईट उरतीच कशी?"

"मग मोबाईल खोटं बोलतोय व्हय?"

"मोबाईल खरा हाय. वाचणारा चुकला." ती माझ्याकडे वळली. "सांग गं, आठ तासाची मिनिटं?"

मी बोटांवर आठ साठे मोजले. "चारशे ऐंशी."

"पाचात वाट."

"शहाण्णव."

थोरले हसले. "शाळा सोडलेली पोरगी आता आम्हाला हिशोब शिकवणार."

"शाळा सोडली तिनं, अक्कल न्हाई सोडली."

काकूची पाळी सुरू झाली. सहासष्ट मिनिटं होताच थोरले पाइपाचा वॉल फिरवायला आले. काकू दोन्ही हातांनी वॉल धरून बसली. पदर डोक्यावर तसाच. "तीस राहिलीत, दादा. सावलीत बसा."

पाणी चौथ्या वाफ्यात शिरलं तेव्हा धाकट्या दिरानं फोन पाहिला आणि हळूच म्हणाला, "आता झाली बघा शहाण्णव, वहिनी." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचीच पाळी तेवढी झाली. थोरल्यांच्या घरच्या बारशाचं बोलावणं मात्र काकूला आलं नाही. "न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "तेवढ्यात माझं अर्धं रान खुरपून झालं."

मी आता तिरुपूरला शिलाईच्या कारखान्यात आहे. इथली भाषा कळत नाही. सुपरवायझर मागे उभा राहिला की शिवण वाकडी जाते. बोर्डावर जेवणाची सुट्टी ०.७५ तास लिहिलीय, पण घंटा अर्ध्या तासातच वाजते. हे मी काकूला फोनवर सांगितलं.

"विचारलंस का?"

"भ्या वाटतंय, काकू."

"वाटू दे की. भीत भीत विचार. विचारायला धीट कशाला व्हावं लागतंय?"

मागच्या पावसाळ्यात काकू गेली. मला रजा मिळाली नाही. तिच्या दहाव्याच्या दिवशी मी सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिले. हिंदी मोडकीतोडकी, तीही भीत भीत. पण पंचेचाळीस हा आकडा स्पष्ट आला, आणि उत्तर मिळेपर्यंत मी मशिनीवर परत गेले नाही.