भगीरथ गवंडी आणि मोकळी जागा

वैशाखरे गावच्या भगीरथला कुठे भोक दिसलं की राहवत नाही. तीस वर्षं कल्याणच्या बांधकामांवर गवंडीकाम केलेला माणूस. दुसऱ्याकडे चहाला बसला तरी त्याचं लक्ष कपापेक्षा भिंतीच्या चिरेकडे. एकदा भजनाला म्हणून गेला आणि देवळाची भिंत लिंपून परत आला. असा माणूस स्वतःच्या घरात कशाला फट ठेवतोय? जुना कारवीच्या काठ्यांचा कूड त्याने पाडला, विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा टाकला, आणि भिंत नि पत्रा यांच्यामधली वीतभर जागा सिमेंटने घट्ट बुजवली. येईल त्याला अभिमानाने सांगायचा, "मुंगीला पन वाट नाय ठेवली."

मुंगीला नव्हती तशी वाऱ्यालाही नव्हती. फाल्गुन सरता सरता घर असं तापलं की त्याची बायको जिवली चूल पेटवून स्वतः अंगणात बसायची आणि भाकरी उलटण्यापुरती आत जायची. भगीरथचं म्हणणं एकच, पक्कं घर आहे, थोडं तापणारच.

मग प्रेमा आली. ही त्यांची एकुलती लेक, बदलापूरला दिलेली, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलंच होतं. ती दुपारी दोन तास घरात बसली, घामाने निथळली, चुलीच्या धुराने खोकून बेजार झाली आणि मुक्काम न करता संध्याकाळच्या जीपने परत निघाली. जाताना हळूच म्हणाली, "बाबा, राग नको मानू. पन तुझ्या घरात माझा जीव घुसमटतो. मी बाळंतपनाला तिकडंच राहीन."

भगीरथचं तोंड एवढंसं झालं. जिवलीने तर आठ दिवस अबोला धरला. गावात काय सांगायचं हा प्रश्न होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं. प्रेमा लहान असताना हा बाप महिनोन्महिने परक्यांची घरं बांधत होता. निदान तिचं लेकरू तरी आपल्या मांडीवर वाढावं, एवढ्याचसाठी त्याने हे घर बांधलं होतं.

घरात बसवेना म्हणून एका दुपारी तो गोठ्यात जाऊन बसला. गोठा अजून जुनाच होता, कारवीच्या कुडाचा. बैल डोळे मिटून निवांत रवंथ करत होते. भगीरथने विडी पेटवली. धूर बैलांच्या पाठीवरून सरकला, वर चढला आणि कूड नि छपरामधल्या फटीतून बाहेर पडला. त्याने दुसरी विडी पेटवली. धुराने तीच वाट धरली. तिसरी विडी न ओढताच तो उठला. आपण माणसांना डबा बांधला आणि घर बैलांना दिलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी-हातोडा घेतला आणि आपलीच भिंत फोडायला सुरुवात केली. अख्खा पाडा बघायला जमला. कुणी म्हणालं, म्हातारा बिघडला. तो फोडतच राहिला. खाली जमिनीलगत जाळीच्या विटा बसवल्या, वर पत्र्याखाली समोरासमोरच्या तिकोनी भिंतींना खिडक्या पाडल्या. पत्र्याच्या दोन हात खाली बांबूंवर कारवीचं छत बांधलं आणि चुलीच्या वर त्या छतातच धुराला झरोका ठेवला. छत लिंपायची वेळ आली तेव्हा जिवलीनेच शेणमाती कालवली, आणि लिंपता लिंपता तिचा अबोलाही सुटला.

इथवर सगळं झकास झालं होतं. पण छत आणि पत्रा यांच्यामधली ती दोन हात मोकळी जागा बघून गवंड्याचे हात शिवशिवले. त्याने अख्खी पेंढ्याची उडवी वर चढवली आणि ती जागा पत्र्याला टेकेपर्यंत ठासून भरली. उन्हाचा चटका कमी झाला खरा, पण धूर परत घरभर. भगीरथने दोष चुलीला दिला, लाकडांना दिला, जिवलीच्या फुंकण्यालाही दिला. पेंढ्याचं नाव मात्र त्याच्या तोंडी आलं नाही.

तेवढ्यात प्रेमाचा फोन आला. बाळंतपण कुठे करायचं हे ठरवण्याआधी रविवारी ती आणि जावई जीवन घर शेवटचं एकदा बघायला येणार होते. शनिवारी भगीरथ खिडक्यांना जाळी आणायला मुरबाडला गेला. इकडे त्याचा धाकटा भाऊ बुधू राबाची तयारी करत होता. भात पेरण्याआधी रोपाच्या जागेवर पाला, शेण, पेंढा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात, आणि बुधूला पेंढा कमी पडला होता. दादाच्या घरात छताच्या वर कोरडा पेंढा दिसला. दादाने राबासाठीच साठवला असणार, बैलांचा असता तर गोठ्याजवळ नसता का? त्याने सगळा ओढून काढला आणि भाजून टाकला. पाड्यातल्या कुणीही हेच केलं असतं.

भगीरथ परतला तेव्हा शेतात राख उरली होती. तो कपाळाला हात लावून बसला. "बुधू, तू शेत नाय रे, माझं घर भाजलंस."

रविवारी भर दुपारी लेक-जावई आले. भगीरथला आत जायचं धैर्य होईना, तो आंब्याखाली बसून राहिला. जिवलीने चहाला चूल पेटवली, आणि थोड्या वेळाने त्याला पत्र्याखालच्या खिडकीतून निळसर धूर बाहेर पडताना दिसला. तो उठून घराला वळसा घालून समोरच्या खिडकीखाली गेला; तिथून वारा आत शिरत होता, पेंढ्याने अडवलेली वाट मोकळी झाली होती. मग तो आत गेला. जमिनीवरून वारा येत होता, छत गार होतं, आणि प्रेमा जमिनीवर आडवी होऊन गाढ झोपली होती.

संध्याकाळची जीप चुकेल म्हणून जीवन सारखा घड्याळ बघत होता. जिवलीने त्याला खुणेनेच थांबवलं.

चारला प्रेमा उठली, केस सारखे केले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी जावा. माझी बॅग परवा आना." मग छताच्या बांबूंकडे बघत तिने विचारलं, "बाबा, पाळना कुठं टांगायचा रे?"

भगीरथला घळाघळा रडू आलं. डोळ्यांत धूर गेला म्हणावं, तर घरात धूर उरलाच नव्हता.