शालनताईंच्या दोन खुर्च्या

शालनताई सगळ्यालाच घाबरत. पेणच्या संग्रहालयाला कुलूप लावून एस.टी. स्टँडवर पोचल्या, तरी ते ओढून बघायला परत येत आणि रोह्याची गाडी हातची जाई. आम्ही हसायचो.

माहेर पेणचं, वडील मूर्तिकार. जुन्या मूर्तिकारांच्या घरी खेटे घालून ताईंनी प्लास्टरचे साचे मागून आणले आणि रामवाडीतल्या एका गोदामात मांडले. तिकिटांवर विजेचं बिलही भागेना. मग वकिलांनी तोडगा काढला: साचे ट्रस्टच्या मालकीचे, शेजारी मूर्तींचा कारखाना आणि दुकान कंपनीचं, कंपनीच्या नफ्यावर संग्रहालय चालायचं. दोन्हीकडे अध्यक्ष ताईच. मी ट्रस्टवर होते.

"देव जगवायला दुकान लागतं गो," त्या मला म्हणत, "पन दुकानाची भूक लय वाईट."

एका वर्षी ऐन हंगामात कारखान्यातला मोठा साचा तडकला. कारखाना सांभाळणारा त्यांचा भाचा सुहास म्हणाला, "आत्या, आत संग्रहालयात आजोबांचा साचा हाय ना? आपल्याच घरातला. कोन इचारतंय?"

ताईंनी तो बाहेर काढला. जुन्या साच्यात ओली माती दाबली की बारीक रेषा झिजतात, हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. साचा छातीशी धरून त्या नुसत्याच उभ्या. तो घसरायला लागला, तशी मी धावत जाऊन खालून आधार दिला.

"आज मी माझ्या बापाचा काढला," त्या म्हणाल्या, "उद्या ह्यो दुसऱ्याच्या बापाचा काढील. मला अडवनारं हाय कोन?"

साचा परत संग्रहालयात गेला. त्याच आठवड्यात ताईंनी राजीनामा दिला, तोही ट्रस्टचा; कंपनीची खुर्ची ठेवली. जीव साच्यांत आणि सोडलं तेच! ते अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं.

पुढच्या वर्षी धंदा पार बसला. ताई कंपनीच्या वतीने आमच्या बैठकीत आल्या आणि परक्यासारख्या टेबलापलीकडे बसल्या. "बाबांचा साचा द्या, त्यातल्या मूर्तीला अजून गिऱ्हाईक हाय. एक हंगाम. नायतर कारखाना बंद पडंल."

कारखाना गेला तर संग्रहालय कशावर चालणार? आणि हे सगळं ज्यांनी उभं केलं, त्यांना नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? बाकीचे विश्वस्त माझ्याकडे बघत होते.

"नाय देता येनार, ताई." मी म्हणाले.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"बरं झालं गो, मला अडवनारं गावलं," त्या म्हणाल्या. "आता मी मेले तरी चालंल."

त्या गणपतीनंतर ताई गेल्या. आता कुलूप ओढून बघायला मी परत जाते; झोप उडाली आहे ती माझी.