ताई आज माइकवर बोलली

मित्रांनो, आत्ताच इकडे गुजरातेत, सयाजीगंजच्या हॉलमधल्या कार्यक्रमाहून घरी आलोय आणि सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्षांचे दोन आमदार आज ब्रेन ट्यूमरची माहिती लोकांपर्यंत पोचवायला एकाच स्टेजवर होते. त्यांनी माझ्या ताईला बोलायला बोलावलं होतं. मेंदूच्या ऑपरेशननंतर ती बोलताना अडखळते.

दुसऱ्याच वाक्याला ती अडली. तेवढ्यात दोघंही आमदार उठून तिच्या शेजारी उभे राहिले. "बेन, शांतीथी बोलो," म्हणजे ताई, सावकाश बोला, असं त्यांतले एक म्हणाले.

मग ताई गुजरातीत सावकाश बोलली, "रोज सकाळी डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. मी पित्त समजून अंगावर काढलं. तुम्ही काढू नका."

सगळा हॉल उभा राहिला. माझी ताई!

तुमच्या घरी कुणी असं दुखणं अंगावर काढत नाहीये ना? आज विचाराल?