मीटर कपाटात, दाणा दातात

तीन दिवस मी आमगावहून गोंदियाला जाऊन धानातला ओलावा मोजायला शिकले. आमच्या राईस मिलनेच पाठवलं होतं. पोत्याचा वरचा, मधला आणि तळाचा धान घ्यायचा, मिसळायचा, मीटरमध्ये टाकायचा आणि आकडा लिहायचा. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा खरं सांगते, फार बरं वाटलं. पंधरा वर्षं मी नुसती धान वाळवणारी बाई होते.

परत आले तर मॅनेजरने नव्या मीटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मीटर आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. मागायला गेले की म्हणायचा, "महागाची वस्तू आहे, खराब होईल. मुकादम आहे ना." काय शिकून आलीस, हे एका शब्दाने विचारलं नाही. मग पाठवलं कशाला मला? पूजेला बाई कमी पडत होती?

मुकादम म्हणजे ज्यांना मिलमध्ये सगळे काका म्हणतात, ते म्हातारे. जन्मभर दाणा दाताखाली चावून सांगायचे, वाळला की नाही. कट् वाजला तर वाळला. मिलमध्ये त्यांच्या दाताच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं.

यंदा त्यांनी पोत्यांची एक मोठी थप्पी वाळली म्हणून सांगितली. मी पोत्यात हात घातला, तर धान दमट. धावत मॅनेजरकडे गेले, पाच मिनिटं मीटर द्या म्हटलं. "तीन दिवसांत बहुत अक्कल आली तुला," म्हणाला. आठवड्यात थप्पी आतून तापली, आंबूस वास सुटला. तांदूळ निघाला तो पिवळा आणि तुटका.

मॅनेजरने मलाच बोलावलं, सगळ्यांसमोर. "ट्रेनिंग कोणी घेतलं? तू. मग चूक कोणाची? उद्यापासून येऊ नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी! तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पगारावर घर चालतं, ते त्यालाही माहीत होतं.

तेवढ्यात काका पुढे आले. तोंडात बोटं घालून त्यांनी कवळी काढली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"पोळ्याले बसवली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "हिनं तं ओला दाणाबी कट् वाजते. तिले कायले काढून राहिले?"

कोणी हसलं नाही. मॅनेजरने कपाट उघडलं आणि मीटर माझ्यापुढे सरकवलं. माफी नाही, काही नाही.

बाहेर आल्यावर मी काकांवरच भडकले. माझं काम त्यांनीच वाचवलं होतं, तरी भडकले. "सगळा हंगाम गप्प काऊन राहिले, काका?"

"सांगितलं असतं तं मले काढलं असतं, बाई."

माझा राग मी परत मॅनेजरवरच नेला, आणि तो अजून तिथंच आहे.