जाळीवर बांधलेला बॅनर

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची लष्करी तुकडी पूर-मदतीला गेली ती नव्वदच्या दशकात, ऑगस्ट महिन्यात. मी हवालदार होतो, मूळचा पारोळा तालुक्यातला. आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक जुना वन-टनर, म्हणजे एक टनी ट्रक, आणि एक पिकअप, परदेशातल्या शांतिसेनेच्या कामावरून युनिटबरोबर आलेली. ही पिकअप ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गियर आपोआप पडायचे. बघायला अख्खं गाव जमायचं. पण अशा गाडीत गियरबॉक्सचं तेल तापलं की खेळ संपतो, म्हणून त्या तेलाच्या टेम्परेचरचा वेगळा मीटर डॅशबोर्डवर बसवलेला होता.

ती चालवायचा नायक रेमसिंग पावरा. त्याचं घर तिथून जवळच, पायथ्याच्या एका पाड्यावर. मला उस्ताद म्हणायचा. बोलायचा कमी, पण मीटरचा काटा कुठे आहे ते रेडिओ सेटवर नियमाने कळवायचा. पुराने रस्त्यावर काळी माती आणून टाकली होती. त्यात चाकं जागीच फिरायची आणि तेल तापायचं. काटा लाल पट्टीजवळ गेला की तो थांबायचा. गाडी न्यूट्रलला, इंजिन मात्र चालू, कारण इंजिन बंद केलं तर तेल फिरत नाही. पुढच्या जाळीमागे तेलाचा कूलर होता. तिथे हवा लागली की काटा खाली यायचा. पिण्याचं पाणी वर नेणं आणि आजारी माणसं खाली आणणं, हे आमचं रोजचं काम होतं.

मदत आली की सत्कार व्हायलाच हवा, ही आपल्याकडची रीत. नारळ, हार इथपर्यंत माझी तक्रार नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याने मात्र पिकअपच्या तोंडावर कापडी बॅनर बांधला. त्याचं नाव हातभर अक्षरांत, 'पूरग्रस्तांना मदत' बोटभर. सगळी जाळी झाकली गेली. रेमसिंगने गावाबाहेर पडताच तो सोडला आणि घडी करून सीटखाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी तक्रार कंट्रोलला, म्हणजे सेटवरून आम्हाला हुकूम देणाऱ्या आमच्या ठाण्याला, पोहोचली.

"लोकल लीडर को नाराज मत करो. बॅनर रहेगा," कंट्रोलने मला सांगितलं.

मी कूलर, हवा, मीटर सगळं समजावलं. उत्तर तेच आलं. माणसाच्या जिवापेक्षा पुढाऱ्याचा रुसवा मोठा कसा, हे मला आजही कुणी पटवून द्यावं.

पुढच्या खेपेला बॅनर तारेने आवळला होता. वरच्या पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ होती. पिकअपच्या मागे रुग्ण दाटीवाटीने बसवले. सर्वांत पुढे पुढाऱ्याची जीप, मधे पिकअप, मागे वन-टनरमध्ये मी. खाली फाट्यावर पाहुणे हार घेऊन उभे होते. रुग्णांना दवाखान्यात न्यायचं सोडून आधी त्या पाहुण्यांचा फोटो निघायचा होता.

चिखल लागला. काटा चढतोय, हे सांगणारा रेमसिंगचा अहिराणी आवाज सेटवर आला.

"उस्ताद, काटा चढी ऱ्हायना. हवा भेटत नही."

"थांब. न्यूट्रल."

तो थांबला. जीपचा हॉर्न सुरू झाला. तेवढ्यात कंट्रोल मधे आलं.

"रुकना नहीं. फाटे पर मेहमान खड़े हैं. चलते रहो. ओवर."

"कंट्रोल, टेम्परेचर रेड है. बॅनर निकालना पड़ेगा. ओवर," मी कळवलं.

"निगेटिव. चलते रहो. आउट."

हा हुकूम रेमसिंगनेही ऐकला. नायकाला कंट्रोलचा हुकूम मोडता येत नाही. पिकअप हलली. मी सेटमध्ये ओरडलो, "रेमसिंग, थांब! तार काप. जबाबदारी माझी."

"थांबस, उस्ताद. काटा लालना बी वर शे."

थांबला, पण उशीर झाला होता. तेल उकळून भरायच्या नळीतून वर आलं आणि तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं. बॉनेटखालून जाळ निघाला. आम्ही गुडघाभर चिखलातून धावलो. तोवर रेमसिंगने मागचा फाळका पाडून माणसं उतरवायला घेतली होती. एक म्हातारी केबिनला टेकून बसली होती, तिला उठता येईना. तो वर चढला, तिला उचलून माझ्या हातात दिलं. त्याच क्षणी टाकी पेटली.

भाजलेल्या रेमसिंगला धुळ्याला नेलं. तिथे इस्पितळातच तो वारला.

चौकशीत निष्कर्ष निघाला: चालकाचं मीटरकडे दुर्लक्ष. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचे शेवटचे शब्द त्या काट्याबद्दल होते, त्याचं दुर्लक्ष? मी उभा राहून सेटवरचं सगळं बोलणं शब्दान् शब्द सांगितलं. "बसा, हवालदार," चौकशी अधिकारी म्हणाले. मी बसलो नाही. निष्कर्षही बदलला नाही. पुढाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही आणि कंट्रोलवरच्या त्या साहेबांना यथावकाश बढती मिळाली.

रेमसिंगच्या घरी मी एकटा गेलो. त्याचे वडील अंगणात बसले होते. चौकशीत काय ठरलं, ते त्यांच्या कानावर आलेलं होतं.

"गाडीमझारला लोके बठ्ठा वाचनात का?" गाडीतली माणसं सगळी वाचली का, एवढंच त्यांनी विचारलं.

"वाचनात, बाबा. बठ्ठा."

"मंग तेन्ही गाडी नीट चालाडी."

मी मान हलवली. एवढं एक वाक्य सरकारला लिहिता आलं नाही.